छताला ताप: गच्चीवर सोलर, तरी रात्रीचा एसी कोळशावरच?

सुदामानगरी | ४ मे, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय.

गेल्या दिवाळीनंतर गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये सबसिडी खात्यात आली, नेट मीटर लागलं, बिल नावापुरतं येतं. शेजारी कौतुक करतात. मग हा धागा कशाला?

तर इन्व्हर्टरचं अ‍ॅप आहे मोबाइलवर. दुपारी साडेबाराला त्यातली रेघ उंटाच्या कुबडासारखी वर गेलेली असते. तेव्हा घरात कोण, तर आई आणि एक पंखा. सगळी वीज बाहेर ग्रिडमध्ये. संध्याकाळी सहाला कुबड भुईसपाट. आणि रात्री दहाला आईच्या खोलीतला दीड टनी एसी सुरू होतो तो पहाटे पाचपर्यंत, जवळपास ७ युनिट खातो. ही वीज काही माझ्या गच्चीची नाही, ती येते खंडव्याकडच्या सिंगाजीच्या कोळशातून किंवा तसल्याच कुठूनतरी. कागदावर मी सौर, रात्री मी कोळसा.

आईची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. काल रात्री नऊला कोविडच्या वेळची कपाळाला रोखायची ती बंदूक सापडली, सहज छताकडे धरली. ३९.४. लाल दिवा लावून ओरडायला लागली. आई म्हणाली, "छताला ताप आलाय, क्रोसिन दे."

बॅटरी परवडत नाही, विचारून झालं. प्रश्न असा की दुपारची वीज थंडाव्याच्या रूपात साठवता येते का? म्हणजे दुपारीच एसी लावून खोली गार करून ठेवायची आणि रात्री त्यावर निभावायचं. कुणी केलंय?

बिलझिरो | ४ मे, रात्री ११.४२

पहिला! :)

नेट मीटर आहे ना? दुपारी दिलेलं युनिट रात्री परत मिळतं. ग्रिड हीच तुमची बॅटरी, तीही फुकट. उगाच डोक्याला ताप कशाला? छताला आहे तेवढा पुरे.

पाना-पक्कड | ५ मे, सकाळी ७.५५

मी पिथमपूरला एका कारखान्यात युटिलिटी बघतो. चिलर, कंप्रेसर, बॉयलर, सगळी भुतं माझ्याच अंगावर. धागा आवडीचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ती बंदूक. कपाळाच्या मोडमध्ये ती दिसेल तो आकडा दाखवत नाही, कातडीवरून आतलं तापमान अंदाजून दोन-तीन अंश वर चढवून सांगते. तिच्यात सरफेस मोड असतो, तो लावून पुन्हा मोजा. क्रोसिन नंतर द्या.

आता साठवण. लोकांना वाटतं खोली गार करायची म्हणजे हवा गार करायची. आईची खोली १२ बाय १४ धरा. तिच्यातली सगळी हवा मिळून ५०-५५ किलो. आणि डोक्यावरची साडेचार इंची स्लॅब? चार टनांच्या वर. ती एक अंशाने खाली आणायला साधारण १ युनिट थंडावा लागतो, हवेला त्याचा सत्तरावा हिस्सा. म्हणून एसी बंद केला की दहा मिनिटांत खोली परत तापते. हवा गार झालेली असते, स्लॅब जिथल्या तिथे.

म्हणजे बॅटरी तुमच्या घरात आहेच, चार टनांची. फक्त आज ती उष्णतेने चार्ज होऊन बसली आहे. दिवसभर ऊन पिते आणि तीन-चार तास उशिराने, बरोब्बर संध्याकाळी, तुमच्यावर ओकते. वरून ऊन चालू असताना खालून एसी लावलात तर माळव्याचं आकाश गार कराल. आधी वरून येणारी उष्णता अडवा, साठवणीचं मग बघू.

वाळ्याचा पडदा | ५ मे, सकाळी ९.२०

पाना-पक्कड, तुमची स्लॅबची गोष्ट आमच्या सासूबाईंना माहीत होती, आकड्यांशिवाय.

रामबागेत आमचा जुना वाडा होता, दीड-दोन फुटी भिंती. उन्हाळ्यात सासूबाई पहाटे साडेचारला उठून सगळ्या खिडक्या सताड उघडत आणि साडेसातला कडी लावत. मग सूर्य कलेपर्यंत खिडकी उघडली तर आमची खैर नव्हती. मी नवी लग्न होऊन आलेली, मला वाटायचं ही काय हुकूमशाही, दिवसा अंधारात बसायचं. पण दुपारी दोनला बाहेर लाही लाही होत असताना ओसरीच्या फरशीवर पालथं पडलं की झोप लागायची. भिंत तापून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री आम्ही अंगणात.

इंदुरात हे चालतं कारण आपली रात्र गार होते. शब-ए-मालवा उगीच नाही म्हणत! मे महिन्यात दुपारी ४१ असलं तरी पहाटे २४-२५ वर येतंच. ही गारवा साठवायची पद्धत शून्य युनिटची आहे, सुदामानगरी. आईंच्या खोलीला जाळीच्या खिडक्या आहेत का?

किल्ल्याखालचा | ५ मे, सकाळी १०.०५

काकू, माळव्याचं कौतुक पुरे, आम्हा ग्वाल्हेरवाल्यांच्या जखमेवर मीठ. आमच्याकडे मे-जूनमध्ये लू चालते, रात्री बाराला भिंतीला हात लावला तर चटका. पहाटे खिडकी उघडली तर बाहेरची गर्मीच आत येते. आणि जानेवारीत तीच भिंत बर्फ. एकाच देशात एकच इलाज चालत नाही.

सुदामानगरी | ६ मे, सकाळी १०.३०

बंदूक सरफेस मोडवर: ३७.२. ताप उतरला, शंभराच्या आत आला, आईच्या भाषेत.

काकू, जाळी एकाच खिडकीला आहे, दुसरीचं काम उद्या सांगतो.

पाना-पक्कड, तुमचं ऐकायला हवं होतं, पण राहवलं नाही. कालच दुपारी एक ते चार एसी २२ वर लावून पाहिला. साडेचार युनिट गेले. खोली मस्त गार. रात्री नऊला परत तापलेली! रात्रीचे ६ युनिट गेलेच. सातच्या जागी साडेदहा. आईने पावशेर टोमणे दिले.

बिलझिरो | ६ मे, सकाळी १०.४१

म्हटलं नव्हतं?

बडोदेकर_मांडवी | ६ मे, दुपारी १.१५

बडोद्याहून राम राम. गच्चीला पांढरा रंग द्या, गुजरातेत हे आता घरोघर करतात. अहमदाबादने २०१३ साली हीट अ‍ॅक्शन प्लॅन केला, पुढे त्यात कूल रूफही आले, चाळींच्या पत्र्यांना चुना लावायची मोहीम झाली. आमच्या गच्चीवर चायना मोझॅक आहे, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं. वडिलांच्या काळातलं. अनवाणी दुपारी बाराला चालता येतं.

एकच सांगतो: धूळ बसली की पांढरं राहत नाही. पंधरा दिवसांनी धुवावं लागतं, आणि ते पाणी सांडताना शेजारी बघत असतात.

पाना-पक्कड | ६ मे, रात्री ८.३०

बडोदेकरांशी सहमत. चुना, पांढरं सिमेंट आणि फेविकॉल, दोन हात. गवंडी एका दिवसात करतो. पॅनल उंच स्ट्रक्चरवर असतील तर त्यांच्याखालची स्लॅब आयती सावलीत आहे, तिथला खर्च वाचवा.

आता बिलझिरो यांचं. पैशापुरतं बरोबर आहे तुमचं. युनिटला युनिट मिळतंय तोवर रुपयात काही फरक नाही. पण ग्रिड बॅटरी नाही हो. तुम्ही दुपारी दिलेलं युनिट त्याच क्षणी कुणीतरी वापरतं. रात्रीचं युनिट त्याच क्षणी कुणीतरी बनवतं, आणि सूर्य नसताना ते बहुतेक कोळसाच बनवतो. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली ती दुपारी, आणि निभावलं, कारण तेव्हा सोलर होतं. खरी घालमेल संध्याकाळी सातनंतर असते, सोलर शून्यावर आणि घरोघर एसी सुरू होत असताना.

आणि रुपयांचंही बदलतंय. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत उन्हाच्या तासांची वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त ठेवायचं ठरलं. आपल्या मध्य प्रदेशात स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ साठी तशी सूट आलीच. ज्यांच्या गच्चीवर काही नाही, त्यांनाही दुपार स्वस्त. तेव्हा सवय लावून घ्यायला हरकत नाही.

नेकारकाठ | ७ मे, पहाटे २.१०

इंदूरच्या लोकमान्य नगरात वाढलो, आता जर्मनीत स्टुटगार्टजवळ असतो. इथे अगदी उलट्या बाजूने हाच खेळ चालू आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे घर तापवायचं असतं. घरात हीट पंप आहे. तो म्हणजे उलटा लावलेला एसीच, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता. जमिनीखाली नळ्या आणि त्यावर सहा-सात सेंटिमीटर सिमेंटचा थर. मार्च-एप्रिलच्या दुपारी ऊन असलं की मी त्या पाण्याचं तापमान दोन अंश वर नेतो, फरशी तापून बसते, संध्याकाळी पंप बंद. पाना-पक्कड म्हणतात तीच चार टनांची बॅटरी. उन्हाळी रविवारी दुपारी इथे घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याखाली जातो, आणि १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक वीज कंपनीला बदलत्या भावाची योजना द्यावीच लागते. म्हणून लोक कपडेसुद्धा घड्याळाऐवजी भाव बघून धुतात. बायको वैतागते.

पण डिसेंबरात ऊनच नाही. आमची साठवण बारा तासांची असून भागत नाही, सहा महिन्यांची लागते. डेन्मार्कमध्ये वोयन्स नावाच्या गावी जमिनीत तळ्याएवढा खड्डा करून त्यात सुमारे २ लाख घनमीटर पाणी उन्हाळ्यात सौर उष्णतेने तापवतात आणि हिवाळ्यात गावाला पुरवतात. तुमच्याकडे ऊन आणि उकाडा एकाच दिवशी येतात, मधे फक्त सात-आठ तासांची फट. एवढी फट बुजवायला चुना आणि टाकी पुरेल, असं मला इथे बसून वाटतं. तिथे बसून वेगळं वाटत असेल.

वाळ्याचा पडदा | ७ मे, सकाळी ८.४०

तळ्याएवढा बंब! सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, गोवऱ्या किती लागतात?

अवांतर: घर यंत्राने गार करण्यात आपलं इंदूर काही मागे नव्हतं बरं का. यशवंतराव होळकरांचा माणिकबाग राजवाडा, एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने १९३० च्या आसपास बांधलेला, त्यात तेव्हाच वातानुकूलन होतं. देशात लोकांनी एसी हा शब्दही ऐकला नव्हता. आणि इकडे जुना राजवाडा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, मधे चौक. दोन पिढ्यांचे होळकर, दोन पद्धतीचा थंडावा.

वसतिगृहवाली | ७ मे, दुपारी ३.३०

भंवरकुआकडे कोचिंगच्या मुलींचं हॉस्टेल चालवते. साठ मुली. एसी-कूलर तुम्ही बघा, मी गरम पाण्याचं सांगते, कारण माझं बिल तिथे फुटत होतं.

आधी प्रत्येक मजल्यावर गीझर, २ किलोवॅटचे, एकूण वीस. डिसेंबरात सकाळी सहाला सगळ्या मुली एकदम आंघोळीला. चाळीस किलोवॅटचा झटका! मीटर जळालं एकदा. मग २,००० लिटरची टाकी आणि हीट पंप बसवला. गच्चीवर सोलर होतंच. टायमर लावलाय सकाळी ११ ते ३. दुपारी पाणी ५५ अंशांवर तापतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत ५०च्या वर असतं.

सुखासुखी नाही झालं. ज्याने बसवलं त्याने टाकीला जाड जाकीट घातलं पण गच्चीवरून खाली येणारे पाइप उघडेच ठेवले. मुली नळ सोडून पंधरा मिनिटं थांबायच्या, गार पाणी गटारात. त्या एका हिवाळ्यात मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या जन्मात नाही. शेवटी प्लंबरकडून काळा फोम गुंडाळून घेतला आणि परतीची लाइन टाकली, म्हणजे पाणी फिरतं राहतं.

पाना-पक्कड | ७ मे, रात्री ९.०५

वसतिगृहवाली ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. त्यातली एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का बघा.

२,००० लिटर पाणी २० वरून ५५ वर न्यायला सुमारे ८१ युनिट उष्णता लागते. गीझरची कॉइल ८१ युनिट वीज खाईल. हीट पंप बाहेरच्या हवेतून ओढतो, त्याला तेवीस-चोवीस पुरतात. आता बाहेरची हवा डिसेंबरात पहाटे ८-१०, दुपारी २६. हवा जितकी उबदार तितकं पंपाचं काम हलकं. म्हणजे दुपारी चालवलात तर वीज सूर्याची, आणि लागतेही कमी. दुहेरी फायदा.

एसीचं नेमकं उलटं. तो आतली उष्णता बाहेर फेकतो. रात्री बाहेर २८ असताना फेकणं सोपं, दुपारी ४१ ला अवघड. दर अंशाला दीड-दोन टक्के जास्त वीज धरा. त्यामुळे तोच थंडावा दुपारी बनवायला पाव हिस्सा वीज जास्त, वर तो रात्रीपर्यंत टिकवताना गळती. पाणी तापवायचं असेल तर दुपार दोन्ही हातांनी देते. घर गार करायचं तर एका हाताने देते, दुसऱ्याने काढून घेते. सुदामानगरींचे साडेदहा युनिट असे झाले.

म्हणून घरात क्रम असा ठेवावा असं माझं मत: दुपारी सरकवायला सगळ्यात आधी गीझर, मग टाकीचा पंप, वॉशिंग मशीन. एसी सगळ्यात शेवटी, तोही दुपारी एकला नाही. तीन-साडेतीनला सुरू करा, सोलर असेपर्यंत, म्हणजे टिकवायचे तास कमी.

मोठ्या इमारतीत गणित वेगळं. तिथे हवेऐवजी पाणी गार करतात. १,००० लिटर पाणी १४ वरून ७ वर आणलं की ८ युनिट थंडावा टाकीत पडला, जाकीट चांगलं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत हलत नाही. बर्फ केला तर त्याहून कितीतरी जागा वाचते, किलोला ३३४ किलोज्यूल निव्वळ वितळताना. पूर्वी मॉल-बिल्डिंगांत बर्फ रात्री करत, कारण रात्रीची वीज स्वस्त. आता आमच्या कारखान्यात आम्ही टायमर उलटा केला, टाकी ११ ते ४ मध्ये भरतो. जुन्या ऑपरेटरला दोन महिने पटत नव्हतं, रोज रात्री जाऊन हाताने चालू करायचा. शेवटी पॅनलला कुलूप लावलं.

इंदोरी_शिकंजी | ८ मे, सकाळी ११.००

भिया, सगळे एसी-एसी करून राहिलेत, कूलर कुठं गेला? माळव्यात मे महिन्यात कोरडी हवा. ४१ अंश, दमटपणा वीस टक्के. चांगल्या खसच्या कूलरमधून हवा २६-२७ वर येते. कूलर खातो दोनशे वॅट, एसी दीड हजार. पाऊस पडेपर्यंत एसीचं कव्हर काढूच नका. दोनशे वॅटचं काय साठवायचं आणि काय सरकवायचं!

बडोदेकर_मांडवी | ८ मे, सकाळी ११.४५

आमच्याकडे जून लागला की कूलर म्हणजे ओल्या टॉवेलने वारा घालणं. तुमचं नशीब.

बिलझिरो | ८ मे, दुपारी १२.२०

शिकंजीसाहेब, कूलरला पाणी लागतं, आणि इंदूरचं पाणी नर्मदेहून जलूदवरून चढवून आणतात. त्या पंपांची वीज कोण मोजणार? कूलरवाल्यांचा हिशोब नेहमी अर्धा असतो. :)

पाना-पक्कड | ८ मे, रात्री ८.१५

मुद्दा छान काढलात, मोजून टाकू. नर्मदेपासून इंदूर साधारण ४०० मीटर उंच. १,००० लिटर तेवढे उचलायला निव्वळ १.१ युनिट, पंपाची आणि पाइपची गळती धरून दोनेक धरा. कूलर दिवसाला शंभर लिटर प्यायला तरी ०.२ युनिट. एसीच्या सात युनिटांपुढे काही नाही. आणि तेही सूर्यावर नेण्याचं चाललंय, महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले ते जलूदच्या ६० मेगावॅट सोलरसाठीच. तेव्हा वीज नाही, पण पाणी जपायचं म्हणाल तर मान्य. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्याला शंभर लिटर म्हणजे शंभर लिटर.

सुदामानगरी | २४ मे, रात्री १०.५०

धागा खाली गेला होता, वर काढतो. गवंडी लग्नसराईत अडकला होता म्हणून उशीर.

१४ तारखेला चुन्याचे दोन हात झाले. दुसऱ्या खिडकीला जाळी लागली. पहाटे पाचला आई स्वतः खिडक्या उघडते, सव्वासातला लावते. (काकू, हुकूमशाही आमच्याकडेही आली.) रात्री नऊला छत: ३३.८.

आता आकडे. आठवडाभर एसीच्या प्लगला छोटं मीटर लावून मोजलं. नुसता चुना आणि खिडक्या, दुपारी एसी नाही: रात्रीचे सातावरून साडेचार युनिट. मग चार दिवस दुपारी साडेतीन ते साडेपाच २५ वर लावला, पडदे ओढून, पंखा चालू: दुपारी अडीच, रात्री अडीच. एकूण पाच.

म्हणजे बिलझिरो, तुम्ही विचारायच्या आत मीच सांगतो. बचत झाली ती चुन्याची आणि खिडक्यांची. दुपारच्या एसीने एक पैसा वाचवला नाही, उलट अर्धा युनिट जास्त गेलं. पण पाचातले अडीच आता माझ्या गच्चीचे आहेत, आणि रात्री एसी साडेबाराला बंद होतो तो होतोच. गीझरला टायमर लावलाय, पण तो आत्ता कुणी लावतच नाही, हिवाळ्यात कळेल.

बिलझिरो | २४ मे, रात्री ११.०५

अर्धा युनिट रोज म्हणजे उन्हाळ्यात पन्नास युनिट. सिंगाजीच्या दोनऐवजी स्वतःचे अडीच, म्हणजे अर्धा दंड. मला अजून पटलं नाही पण मोजून लिहिलंत म्हणून मान. आमच्या गच्चीचं क्षेत्रफळ १,१०० फूट आहे, चुन्याला किती खर्च आला ते कळवा.

सुदामानगरी | २४ मे, रात्री ११.१८

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. गवंड्याला सांगा दुसरा हात पहिला वाळल्यावरच, आमच्याकडे घाई केली तर पोपडे आले एका कोपऱ्यात.

वसतिगृहवाली | २५ मे, सकाळी १०.१५

मलाही पाठवा. वरच्या मजल्याच्या मुली खालच्या खोल्या मागतात दर एप्रिलला, भाडं कमी करावं लागतं.

वाळ्याचा पडदा | २५ मे, सकाळी १०.४०

आणि आईंना विचारा, एसी साडेबाराला बंद होतो की त्याच करतात?

सुदामानगरी | २५ मे, रात्री ९.३०

त्याच करतात. रिमोट उशीखाली असतो. म्हणे थंडी वाजते. बंदूकही आता त्यांच्याच ताब्यात आहे, रोज नऊला छत, भिंत आणि मग स्वतःचं कपाळ, असं कॅलेंडरवर लिहून ठेवतात. परवा पाऊस शिंतडला त्या रात्री छत ३१.६ आणि आई ३६.५.